'रामप्रसाद की तेहरवी' पाहिला, आणि आमच्या बाबांची स्कूटर

गोदाकाठची (धागाकर्ती), रविवार, रात्री ११:२०

उशिरा का होईना, परवा 'रामप्रसाद की तेहरवी' (म्हणजे रामप्रसादचा तेरावा) हा हिंदी सिनेमा पाहिला. २०१९ साली मुंबईच्या मामि चित्रपट महोत्सवात दाखवला होता आणि थिएटरात आला तो १ जानेवारी २०२१ ला. तेव्हा थिएटरात जायची कोणाची छाती होती? आणि सुतकाच्या घरातला विनोद बघायची तर त्याहून नव्हती. त्यामुळे राहून गेला तो राहूनच गेला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लखनौमधलं जुनं, ऐसपैस घर. रामप्रसाद भार्गव, म्हणजे नसीरुद्दीन शाह, सुरुवातीलाच पियानोपाशी प्राण सोडतात. नसीरच्या नावावर बघायला बसलेल्यांनी चहा टाकून येईपर्यंत नसीर संपलेला असतो. मागे उरतात अम्मा (सुप्रिया पाठक), चार मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडं, मामा, आत्या आणि 'आम्ही तर अगदी घरचेच' म्हणणारे पंचवीस जण. ही सगळी फौज तेरा दिवस एका घरात. दिग्दर्शन सीमा पाहवा यांचं, पहिलंच. म्हणजे दूरदर्शनच्या 'हम लोग' मालिकेतली बडकी.

सिनेमात फार काही घडत नाही. कोण कुठे झोपणार, संडास एकच आणि माणसं इतकी, चहा कितीदा, कोणाच्या सुनेने पदर घेतला नाही. मग कळतं की बाउजींनी (म्हणजे रामप्रसादांनी) कर्ज काढून ठेवलंय, आणि चारही मुलांच्या तोंडचं पाणी पळतं. रात्री गच्चीवर बाप गेल्याचं दुःख राहतं बाजूला आणि बापाने आपल्याला काय काय दिलं नाही याचा हिशोब सुरू होतो.

मी खूप हसले. हसता हसता मध्येच सिनेमा थांबवला आणि उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. कारण आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं.

आम्ही तीन भावंडं. दादा, मी आणि धाकटा. बाबा सकाळी गेले, संध्याकाळी आम्ही गंगेवरून परत आलो (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये), आणि रात्री नऊ वाजता दादा आणि धाकटा गाद्यांवरून भांडत होते. मंडपवाल्याकडून भाड्याने आणायच्या की शेजारच्या चार घरांतून गोळा करायच्या. दादा म्हणाला, "लोकांच्या गाद्या आणल्या तर कुठली कोणाची ते कळणार नाही." धाकटा म्हणाला, "तुला बाबांच्या वेळीही पैसाच दिसतो." गाद्या फुकट आणा म्हणणारा धाकटा, आणि पैसा दिसतो म्हणे दादाला! मी हे बोलून दाखवलं. मग दोघं मिळून माझ्यावर घसरले.

दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास गेला. आधी आईचं नाव घेऊन झालं, मग घराचं, मग गावच्या जमिनीचं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते, आणि तेवढ्यात धाकटा पुढे होऊन म्हणाला, "बाबा, तुमची चेतक आम्ही कधीच विकणार नाही." कावळा आला. एक नाही, तीन आले.

तर बाबांची १९८८ ची चेतक गेली दोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. दादाच्या गाडीच्या जागेवर.

माझा प्रश्न असा. सिनेमात अम्मा बहुतेक वेळ गप्प बसलेली आहे. तिच्याभोवती सगळे बोलतायत, तिच्याशी कोणी नाही. तेरा दिवसांत तिला एकटीला बसून नवऱ्याला आठवायला पंधरा मिनिटंसुद्धा कोणी देत नाही. हे तेरा दिवस दुःख करण्यासाठी असतात, की दुःख करायला वेळच मिळू नये म्हणून? सिनेमा मला तरी दुसऱ्या बाजूचा वाटला. तुम्हाला काय वाटतं?

---

कळफलक_बडवे, रविवार, रात्री ११:४१

पहिला! सिनेमा पाहिलेला नाही, पण कावळ्याचा परिच्छेद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, कावळा सोसायटीच्या कमिटीत असणार.

---

अण्णा_सातारकर, सोमवार, सकाळी ६:१०

ताई, लेखन ओघवते आहे, परंतु मूळ मुद्द्याशी सहमत नाही. आमच्या पिढीने अनेक तेरावे पाहिले. माणूस गेल्यावर घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात, कोणी ना कोणी रात्री सोबतीला झोपतं. ही माणसं दुःख हिरावून घ्यायला येत नाहीत. नुकत्याच विधवा झालेल्या बाईला रिकाम्या घरात एकटं ठेवलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

सुतकाच्या घरातली भांडणं विनोदासाठी वापरणं आता सोपं झालेलं आहे. पूर्वी असं कोणी करत नसे.

---

नाटकवेडा, सोमवार, सकाळी ९:३२

अण्णा, नमस्कार. 'पूर्वी असं कोणी करत नसे' याला मात्र तीव्र आक्षेप! सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ चं आहे. पुण्याची थिएटर अकॅडमी. कीर्तनकार भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन लावतात. जुनं स्मशान बंद झालेलं, भाऊरावांचा हट्ट की जाळायचं तर तिथेच, त्यामुळे प्रेत घरात पडून. मुलगा नाना धावपळीत. चाळकरी टाळ घेऊन साथीला. आणि बायकोच्या मनात अंत्ययात्रेतला 'डावीकडून तिसरा' भरलेला! पन्नास वर्षं होऊन गेली, अजून त्याच्या पुढे कोणी गेलं असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे तेच आळेकर पुढे 'व्हेंटिलेटर'मध्ये नट म्हणून त्या नातेवाइकांच्या गर्दीत उभे राहिले. म्हणजे लिहूनही झालं आणि भोगूनही.

---

अण्णा_सातारकर, सोमवार, सकाळी ९:५५

महानिर्वाण मी पाहिले आहे. मध्यंतरात उठून आलो होतो.

---

नाटकवेडा, सोमवार, सकाळी ९:५८

म्हणजे डावीकडून तिसऱ्यापर्यंत पोचलाच नाहीत!

---

नर्मदेतला_गोटा, सोमवार, दुपारी १:१५

पाहिलाय. माझं मत थोडं कडू आहे.

नटसंच बघा: सुप्रिया पाठक, कोंकणा सेन शर्मा, परमब्रत चट्टोपाध्याय, मनोज पाहवा, विनय पाठक, निनाद कामत, विक्रांत मेस्सी. एवढी तगडी माणसं, आणि अर्धा सिनेमा जातो कोण कोणाचा नवरा हे लावण्यात. मी तर कागदावर झाड काढलं. ते एक वेळ चालेल, सुतकाच्या घरात आपल्यालाही अर्धे लोक ओळखू येत नाहीत. पण मुलं सगळी एका साच्यातली. स्वार्थी, कद्रू, बापावर चिडलेली. अम्मा मात्र सोशीक, समंजस, डोळ्यांनी बोलणारी. हा हिशोब फार सोयीचा आहे. बापाने खरंच कोणाला कमी दिलं असेल तर? चार मुलांच्या तक्रारीत एकाचीही खरी नसेल? सिनेमा त्या तक्रारी ऐकवतो आणि लगेच 'बघा, किती हलकी माणसं' म्हणून आपल्याकडे बघतो.

'व्हेंटिलेटर' (२०१६) मला म्हणून जास्त आवडतो. तिथेही गोतावळा अफाट, तिथेही पैसा, राजकारण, गणपती तोंडावर आलेले. पण जितेंद्र जोशीचा प्रसन्न बापावर चिडलेला आहे आणि राजेश मापुसकर त्या चिडीला खोटं ठरवत नाहीत. त्या सिनेमाला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक उगाच नाही मिळालं.

---

गोदाकाठची, सोमवार, दुपारी २:४०

गोटा, झाड काढलं हे वाचून बरं वाटलं, मला वाटलं मीच एकटी मठ्ठ.

पण 'व्हेंटिलेटर'मध्ये माणूस अजून गेलेला नाही. यंत्र चालू आहे. निर्णय घ्यायचाय, वाट बघायचीय, आणि प्रसन्नला बापाशी समेट करायला थोडी जागा उरलीय. रामप्रसादच्या मुलांना ती जागाच नाही. तक्रार करायची कोणाकडे, तर फोटोकडे. मग ती तक्रार कद्रूच दिसणार. आमच्या दादाची बाबांबद्दल एक तक्रार होती, जुनी, अगदी खरी. तेराव्याला तो ती आचाऱ्याला सांगत होता. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं म्हणून. आचारी बिचारा पुऱ्या लाटता लाटता हो हो म्हणत होता.

---

नर्मदेतला_गोटा, सोमवार, दुपारी २:५१

हे सिनेमात असतं तर मी पाच तारे दिले असते.

---

लखनवी_मराठी, सोमवार, रात्री ८:०५

माझा जन्म लखनौचा, शिक्षण लखनौला, आता ठाण्यात. त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क बजावतो.

आधी नाव. हिंदीत शुद्ध शब्द 'तेरहवीं'. पण घराघरात बोलताना 'तेहरवी'च म्हणतात. दिग्दर्शिकेने बोलण्यातला शब्द ठेवला, तिथेच मला तिचा कान पटला.

आपल्याकडे दहावा जड आणि तेरावा गोड, तसं तिकडे सगळा भार तेहरवीवर. ब्राह्मणभोजन, दान, आणि मोठ्या मुलाच्या डोक्याला पगडी. दानात पलंग, गादी, भांडी, छत्री, चपला असा संसारच देतात. माझ्या आजोबांच्या वेळी ते घ्यायला आलेल्या महापात्रांनी गादी दाबून बघितली आणि म्हणाले, "रुई कम है." काकांनी शोक बाजूला ठेवून त्यांच्याशी रुईवर वाद घातला. म्हणजे ताईंच्या घरच्या गाद्या काही वेगळ्या नाहीत.

आणखी एक. रामप्रसाद पियानोवाले असणं मला अजिबात उपरं वाटलं नाही. लखनौच्या जुन्या घरांतून असे एकेक गाण्यावाले काका असतात. या शहरात भातखंड्यांनी १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज काढलं, तेच पुढे त्यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ झालं. वाळकेश्वरात जन्मलेला मराठी माणूस लखनौच्या कैसरबागेत अजून रोज सकाळी नावाने हजर असतो. आमच्या घरात आई तेवढ्यावरच लखनौला आपलं म्हणायची. मात्र त्या शहरात हार्मोनियम घरोघरी, पियानो एखाद्याकडेच. घरच्यांना त्या वाद्याचं काय करायचं कळत नाही, हे सिनेमात फार खरं आलंय. बाप गेल्यावर हार्मोनियम कोणीतरी कपाटावर ठेवतं. पियानो कपाटावर ठेवता येत नाही.

---

चहाटळ, सोमवार, रात्री ८:३०

स्कूटरही नाही.

---

तारण_गहाण, सोमवार, रात्री ९:१२

बँकेत तीस वर्षं घासून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे कर्जाच्या मुद्द्यावर राहवत नाही.

बापाचं कर्ज मुलांच्या खिशातून वसूल होत नाही. वारसांची जबाबदारी बापाकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. मिळकत काहीच मिळाली नसेल तर देणंही नाही. जामीन राहिलेला असेल तर मात्र अडकला. घर तारण असेल तर बँक घरावर येणार. म्हणजे त्या मुलांनी एवढं घाबरण्याआधी एखाद्या शाखेत जाऊन साध्या कारकुनाला विचारलं असतं तरी अर्धा सिनेमा वाचला असता.

पण खरं सांगू का, माझ्या टेबलासमोर असे वारस खूप बसले. मृत्यूचा दाखला पुढे सरकवताना पहिला प्रश्न कधीच "किती भरायचं" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "हे कर्ज त्यांनी कशाला काढलं होतं?" आणि याचं उत्तर आमच्याकडे फक्त एका ओळीत असतं. 'घरदुरुस्ती'. 'वैयक्तिक'. एकदा एक मुलगी त्या 'वैयक्तिक' शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मी तिला पाणी दिलं. मागे रांग वाढत होती.

---

दूरदेशी, मंगळवार, पहाटे ४:२०

न्यू जर्सीहून. इथे संध्याकाळ आहे.

परमब्रत आणि कोंकणा (धाकटा मुलगा आणि त्याची बायको) उशिरा पोचतात आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर, तो भाग मी पुढे ढकलून पाहिला.

माझे वडील २०२० मध्ये गेले, विमानं बंद असताना. अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर. चुलतभावाने फोन धरला होता. त्याचं लक्ष धुरावर, त्यामुळे निम्मा वेळ मला त्याचे बूट दिसत होते. मग एकदम स्वच्छ दिसायला लागलं, सगळे हात जोडून उभे, आणि तेवढ्यात पडद्यावर आलं, बॅटरी चार टक्के. मी इकडून ओरडतेय, "चार्जर, चार्जर!" आणि तिकडे कोणालातरी वाटलं मी शोक करतेय. एक मावशी फोनसमोर येऊन म्हणाली, "रड बाळा, मोकळी हो."

गोदाकाठची, तुझा प्रश्न मी उलटा विचारते. मला एकटीला बसून आठवायला पंधरा मिनिटं नाही, पंधरा महिने मिळाले. गाद्यांवरून भांडायला कोणी नव्हतं. मी ते भांडण आनंदाने घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी मीटिंग होती आणि मी ती केली.

---

अण्णा_सातारकर, मंगळवार, सकाळी ६:०५

दूरदेशी, बाळ, मी हेच म्हणत होतो, पण मला असं लिहिता आलं नसतं.

---

गोदाकाठची, मंगळवार, सकाळी १०:१५

दूरदेशी, सकाळपासून तुझ्या चुलतभावाचे बूट डोळ्यांसमोरून जात नाहीयेत. माझं विधान जरा मागे घेते. पूर्ण नाही. मला गर्दीबद्दल तक्रार नाही, गर्दीत त्या बाईला कोणी काही विचारत नाही याबद्दल आहे. तेराव्याला काय गोड करायचं हे आमच्याकडे आठ जणांनी मिळून ठरवलं, बाबांना काय आवडायचं यावर वादही झाला. आई तिथेच बसली होती.

---

सून_क्रमांक_तीन, मंगळवार, दुपारी ३:३०

वाचनमात्र असते, आज लिहिते.

सगळे अम्माबद्दल आणि मुलांबद्दल बोलताय. मी सिनेमा स्वयंपाकघरातून पाहिला. सुना. एकमेकींना टोमणे मारतात, धाकटीबद्दल कुजबुजतात, ती मुंबईत अभिनय करते म्हणून. बघणाऱ्याला वाटतं काय या बायका. अहो, पन्नास माणसांचा चहा-नाश्ता-जेवण काढणाऱ्या चार बायकांनी एकमेकींवर घसरायचं नाही तर काय करायचं? मेलेला माणूस त्यांचा बाप नाही. रडल्या तर नाटक, नाही रडल्या तर दगड. नवऱ्याला कुठल्या वेळी जवळ घ्यायचं आणि कुठल्या वेळी एकटं सोडायचं याचाही अंदाज त्यांनीच घ्यायचा, तेही कणीक मळता मळता.

सासूबाई गेल्या तेव्हा सातव्या दिवशी माझी आमटी करपली. मोठं पातेलं, तळाला लागलं, चाळीस माणसांची. मी ओट्याला धरून जी रडायला लागले ती थांबेचना. सगळ्या धावत आल्या. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "बघा, किती जीव होता हो हिचा सासूवर." मी काही बोलले नाही. पण त्या रात्री विचार केला तर आमटीला कुठली फोडणी द्यायची, चिंच किती, हे सगळं सासूबाईंनीच शिकवलं होतं, ओरडून ओरडून. करपल्याचा वास आला की त्या बाहेरच्या खोलीतून ओरडायच्या. त्या दिवशी कोणी ओरडलं नाही, म्हणून करपली.

---

कळफलक_बडवे, मंगळवार, दुपारी ३:४८

(काही लिहून खोडलं.)

---

नर्मदेतला_गोटा, मंगळवार, दुपारी ४:१०

तीन नंबर, वाचनमात्र राहू नका. माझा 'मुलं एका साच्यातली' हा आक्षेप कायम आहे, पण सुनांचे प्रसंग आज रात्री परत बघतो. मी ते निव्वळ विनोदात काढले होते.

---

चहाटळ, मंगळवार, संध्याकाळी ६:२०

वातावरण हलकं करायला थोडी चहाटळकी. सिनेमातले नवराबायको नसीर आणि सुप्रिया पाठक हे खऱ्या आयुष्यात भावोजी-मेहुणी, कारण नसीरची बायको रत्ना पाठक ही सुप्रियाची सख्खी बहीण. आणि थोरला गजराज झालेले मनोज पाहवा हे दिग्दर्शिकेचे यजमान. सीमाबाईंचं माहेरचं आडनाव भार्गव, तेच सिनेमातल्या घराचं. म्हणजे घरच्याच माणसांना घरात कोंडून सुतक पाळलंय. पदार्पणाच्या दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं ते बहुतेक एवढ्या नातेवाइकांना एका चौकटीत गप्प बसवल्याबद्दल.

---

लखनवी_मराठी, मंगळवार, रात्री ९:००

शेवटाबद्दल कोणीच काही बोललं नाही. (पुढे रसभंग आहे, न पाहिलेल्यांनी खाली सरकावं.)

अम्मा कोणाकडेच राहायला जात नाही. मुलं 'आईला कोण ठेवणार' याची विभागणी करत असतात आणि ती तिथेच, त्याच घरात राहते, बाउजींच्या पियानोभोवती गाण्याचे वर्ग सुरू होतात. मला हा शेवट फार नीटनेटका वाटला. लखनौत एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीकडे बघता, नळ गळायला लागला की स्वातंत्र्य कुठे जातं ते मला ठाऊक आहे.

---

सून_क्रमांक_तीन, मंगळवार, रात्री ९:२५

मला तो शेवट नीटनेटका वाटला तरी हवा होता. नळ मुलाकडेही गळतो. तिथे फक्त 'नळ गळतोय' असं म्हणायला परवानगी लागते.

---

अण्णा_सातारकर, बुधवार, सकाळी ६:२०

काल नातवाकडून लावून घेऊन सिनेमा पाहिला. मध्यंतर नव्हते, त्यामुळे उठून जाता आले नाही.

गच्चीवरच्या प्रसंगाला मी थांबलो. आम्ही पाच भाऊ होतो. वडील गेले तेव्हा त्यांच्या खादीच्या कोटावरून चौघांनी भांडण केले, कारण तो कोणालाच नको होता. सगळे दुसऱ्याला घ्यायला लावत होते, 'तूच घे, तुझ्यावरच त्यांचा जीव'. मी सर्वांत धाकटा, मला गप्प बसून बघावे लागले. कोट शेवटी मोठ्या भावाने घेतला. भाऊ गेला तेव्हा कोट माझ्याकडे आला. मला होत नाही. खांद्यात सैल होतो.

विनोद सोपा असतो असे मी वर लिहिले होते. ते वाक्य राहू द्यावे, संपादन करत नाही.

---

चहाटळ, बुधवार, सकाळी ९:१०

अण्णांना दंडवत.

आता धागाकर्तीला मूळ प्रश्न: स्कूटरचं काय झालं?

---

गोदाकाठची, बुधवार, रात्री १०:५०

विचारलंतच तर सांगते. सिनेमा पाहिला त्याच रात्री मी भावंडांच्या गटावर त्याचं पोस्टर टाकलं होतं. दादाने 'लाइक'चा अंगठा टाकला. धाकट्याने तीन दिवस काहीच नाही. काल अचानक त्याचा निरोप, "रविवारी येतोय." मग म्हणाला रविवारपर्यंत कशाला, आणि आज संध्याकाळी पुण्याहून आलाच.

दादा वर गाडीच्या जागेबद्दल बोलायच्या तयारीत. मी मध्ये पडायच्या तयारीत. धाकट्याने काहीच विषय काढला नाही. खाली गेला, आच्छादन काढलं, धूळ पुसली. चेतक डावीकडे तिरकी केली, बाबा करायचे तशी, सरळ केली आणि किक मारायला लागला. दादा गच्चीतून बघत होता. सातव्या-आठव्या किकला खाली आला आणि म्हणाला, "चोक ओढ की." धाकटा म्हणाला, "ओढलाय." दादा म्हणाला, "पूर्ण ओढ." मग त्यावरून दोघांचं जुंपलं. बाबा चोक अर्धा ओढायचे की पूर्ण. आईला विचारा म्हणाले. आई वरून म्हणाली, "ते चोक ओढायचेच नाहीत. शिव्या द्यायचे."

दादाने चोक बंद केला, एक शिवी दिली आणि किक मारली.

सुरू झाली. पांढरा धूर अख्ख्या पार्किंगभर. तोच आवाज. आम्ही तिघं उभे, आणि पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना. समोरच्या काकूंचं दार उघडलं. त्या बाहेर आल्या, जिन्यातून खाली बघितलं, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. दार मात्र उघडंच ठेवलं.

अजून जागेचं काही ठरलेलं नाही.

---

तारण_गहाण, बुधवार, रात्री ११:०५

दोन वर्षांचं पेट्रोल टाकीत ठेवून सुरू केलीत? उद्या ते सगळं काढा आधी. कार्बोरेटर उघडून साफ करा, प्लग काचपेपरने घासा. टू-स्ट्रोक आहे, नवीन पेट्रोल भरताना ऑइल टाकायला विसरू नका. आणि बंद कशी केलीत? चावीने की गिअरमध्ये टाकून?

---

गोदाकाठची, बुधवार, रात्री ११:१२

बंद नाही केली. आपोआप पडली, तोपर्यंत उभे होतो.